दिवे बघा, मग फोन करा

चुलीवर काही असेल तर उतरवून ठेवा आणि घरातल्या इंटरनेटच्या डब्यासमोर येऊन बसा. घरी डबा नसेल तर पंचायतीतला, शाळेतला नाहीतर आमच्या केंद्रातला डोळ्यांसमोर आणा. आज आपल्याला त्याच्यावरचे दिवे वाचायचे आहेत.

आम्ही बचत गटाच्या सुविधा केंद्रात बसणाऱ्या तिघी. सातबारा, हयातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, लाईटबिलं, ही सगळी कामं आमच्याकडे होतात. आमच्यापैकी कुणीही कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. जे आलं ते नुकसान सोसून आलं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नुकसान आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचे दिवस. मुंबईहून चाकरमानी आलेले, वाडीत माणसं दुप्पट. केंद्रात आम्हीही छोटी आरास केली आणि तिला जागा हवी म्हणून कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीत ठेवला. गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी इंटरनेट बंद. सगळ्यांच्या फोनवर वायफायचं चिन्ह अगदी पूर्ण, पण एक पान उघडेल तर शपथ. कंपनीला फोन केला. ‘आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय, मॅडम.’ मग तालुक्याहून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने स्विच काढला, ‘हा गेला’ म्हणाला, नवा बसवला, त्याला आपला लॅपटॉप जोडून इंटरनेट चालू असल्याचं दाखवलं, बावीसशे रुपये घेतले आणि गाडीला किक मारली. आम्ही बाकीच्या वायरी जागच्या जागी खोचल्या. पाच मिनिटांत पुन्हा सगळं बंद.

त्या संध्याकाळी वाडीतली एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आली. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. मोबाईलला आमच्याकडे सड्यावर गेल्याशिवाय रेंज येत नाही, आणि तिथेही फोटो, दाखले चढवायचे म्हणजे रडकथा. तिच्या आईने तिला पहाटेच्या एसटीने तालुक्याला पाठवलं. तिथे रांग लावून दुपारी तीनला तिचा फॉर्म गेला. एसटी चुकली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं. आणि दोष होता कुठे? आमच्याच टेबलाखाली, हातभर अंतरावर. तो काय होता ते सांगतोच, पण आधी इंटरनेट कुठून कुठे येतं ती वाट पाहून घेऊ, म्हणजे नीट कळेल.

नळपाणी योजना आठवा. टाकीपासून मोठी लाईन, तिथून वाडीची लाईन, मग घराचा नळ, आणि घरात आपण लावलेली पायपाची तोंडं. इंटरनेटचंही तसंच. खांबावरून काळी वायर घरात येते, ती एका पांढऱ्या डब्यात शिरते. हा डबा वायरीतून आलेल्या उजेडाचं कॉम्प्युटरला कळेल अशा विजेच्या इशाऱ्यांत रूपांतर करतो. बहुतेक घरांत राऊटर आणि वायफाय याच डब्यात असतं. शाळा, पंचायत, केंद्र अशा ठिकाणी त्याच्यापुढे स्विच असतो, म्हणजे एका वायरीच्या आठ वायरी करणारा डबा. आणि लांबच्या खोलीसाठी अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेलं इंटरनेट हवेत सोडणारा डबा. पाणी आलं नाही की आपण काय करतो? आधी शेजारणीला विचारतो, तुझ्याकडे आलंय का? मग आपला कॉक बघतो. लगेच टाकी बदलायला काढत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र माणसं पहिल्या झटक्याला नवा डबा आणतात. आम्हीही आणला.

आता खांबावरच्या वायरीपासून सुरुवात करू. दिसायला ती केबल टीव्हीच्या वायरीसारखी, पण आत इंटरनेट वाहून नेणारी तांब्याची तार नाही, काचेचा धागा आहे. जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी. उजेड जातो तो त्याच्याही मधल्या गाभ्यातून, आणि तो गाभा साधारण ९ मायक्रॉनचा. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, यावरून अंदाज करा. काचेतून उजेड मैलोगणती नेता येईल हे चार्ल्स काव या शास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलं. तेव्हाच्या काचेत उजेड काही मीटरांतच मरून जायचा. काचेचा गुण तसा नाही, तिच्यातली अशुद्धी उजेड खाते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं ठरलं आणि २००९ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत हीच काच न्यायची योजना २०११ साली मंजूर केली. २०१५पासून तिला भारतनेट म्हणतात.

हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. घराकडे येतो तो १४९० नॅनोमीटरचा, घरातून जातो तो १३१० नॅनोमीटरचा, आणि दोन्ही डोळ्यांच्या टप्प्याबाहेरचे. म्हणून एक गोष्ट अगदी ताकीद देऊन सांगतो: निघालेल्या वायरीच्या तोंडाला डोळा लावून ‘येतोय का उजेड’ असं कधीही बघू नका, पोरांनाही बघू देऊ नका. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नका. तुटलेल्या धाग्याचे बारीक तुकडेही हातात, पायात घुसतात आणि सापडत नाहीत. ते झाडूने न लोटता चिकटपट्टीने टिपून घ्या.

आता डब्यावरचे दिवे. पहिला विजेचा. दुसरा पॉन नावाचा, तो हिरवा आणि स्थिर हवा. तो मिचमिचत असेल तर उजेड येतोय पण पलीकडच्या यंत्राशी बोलणी पक्की झालेली नाहीत. तिसरा एल-ओ-एस, तीन इंग्रजी अक्षरं. हा एरवी विझलेला असतो. तो लाल झाला की समजायचं, उजेडच पोचत नाही. अशा वेळी वायफायचा पासवर्ड बदलून, फोन बंद-चालू करून काहीही होणार नाही. आधी शेजारी विचारा. खांबावरच्या एकाच धाग्याचे पुढे ३२ किंवा ६४ घरांसाठी फाटे केलेले असतात. शेजारीही लाल असेल तर मोठी लाईन तुटली आहे, कुठेतरी जेसीबी चालला असेल किंवा झाड पडलं असेल. तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची. फक्त आपल्याकडेच लाल असेल तर मात्र वायरीवरून नजर फिरवत चला.

नजर कशासाठी फिरवायची? वळणासाठी. काचेला तीव्र वळण मिळालं की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. आमचं साधं माप असं आहे की वायरीचं वळण बांगडीपेक्षा लहान नको. हल्ली घरासाठी मिळणाऱ्या वायरी याहून लहान वळणही सोसतात, पण बांगडीचं माप धरलं तर चूक होत नाही. खिळा ठोकून वायर दाबायची नाही, दाराच्या फटीतून चेपून न्यायची नाही, राखीसारखी गाठ मारायची नाही. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर ओल येते म्हणून कपाट भिंतीपासून हलवलं आणि परत लावताना त्याचा पाय वायरीवर आला. वायर तुटली नाही, इंटरनेट बंदही पडलं नाही, नुसतं लहरी झालं. दिवसा चालायचं, संध्याकाळी तुटायचं.

ते कळलं कसं, तर आकड्यावरून. डब्याच्या मागे चिठ्ठीवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. वायफायला जोडलेल्या फोनमध्ये ब्राउझर उघडून हा पत्ता टाकला, अर्थात इंग्रजी आकड्यांत, की डब्याचं स्वतःचं पान उघडतं. त्यात किती उजेड येतोय त्याचा आकडा असतो, डीबीएम या मापात. तो नेहमी उणे असतो. उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात डबा काम करतो. उणे २५च्या पुढे घसरला की आमच्या मनात पाल चुकचुकते. हे माप आपल्या रोजच्या हिशेबासारखं नाही. आकडा तीनने खाली गेला की उजेड निम्मा होतो. आमचा डबा बसवला त्या दिवशी उणे १९ होता आणि कपाट हलवल्यावर उणे २६, म्हणजे पाचवा हिस्सा उजेड उरला होता. कपाटाचा पाय काढला, वायर मोकळी केली, दहा मिनिटांत आकडा पूर्वपदावर. म्हणून आमचं सांगणं: डबा बसवायला माणूस येईल तेव्हा त्याला हा आकडा विचारा आणि लिहून ठेवा. पहिल्या दिवसाचा आकडा वहीत असेल तरच पुढे घसरण कळते.

वायरीच्या टोकाचा प्लग हिरवा असतो किंवा निळा. हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघे एकमेकांत बसतात, पण काच काचेला नीट भिडत नाही आणि उजेड मध्येच हरवतो. हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा. आणि तोंड पुसायचं तर पदराने नाही, फुंकर मारूनही नाही. फुंकरीत वाफ असते, थुंकी असते. त्यासाठी धागे न सुटणारे कोरडे कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते नसेल तर प्लग काढूच नका. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कणही धोंड्यासारखा असतो.

विजेबद्दल थोडक्यात. डब्याचा अॅडॅप्टर डब्याबरोबरच ठेवा आणि त्यावर नाव लिहा. दोन अॅडॅप्टरचं टोक सारखं दिसलं तरी एक १२ व्होल्टचा असतो आणि एक ९चा. बदल झाला तर डबा चालतोय असं दिसतं पण सारखा बंद होऊन चालू होतो. खांबावरच्या फाट्याला वीज लागत नाही. त्यामुळे लाईट गेली तरी आपला डबा इन्व्हर्टरवर असेल तर इंटरनेट बहुतेक वेळा चालू राहतं. विजा कडाडायला लागल्या की अॅडॅप्टर तर काढाच, पण घराबाहेर गेलेली कुठलीही तांब्याची नेटवर्क वायरसुद्धा स्विचमधून काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही हे खरं. पण खांबावरच्या काळ्या वायरीत ताण सोसायला पोलादी तार असते, तेव्हा गडगडाटात तिलाही हात नको. आमच्या शाळेत मैदानापलीकडच्या खोलीला तांब्याची वायर नेली होती. एका वळवाच्या संध्याकाळी त्या एका वायरीने दोन्ही टोकांचे डबे नेले. आता तिथे काच आहे. दोन्ही टोकांना काचेतला उजेड आणि तांब्यातला इशारा अदलाबदल करणारे छोटे डबे लावले आहेत. ते जोडीनेच घ्यावे लागतात, आणि एकाचं पाठवणं ते दुसऱ्याचं घेणं असं जुळावं लागतं. दोन धाग्यांची वायर असेल आणि दिवा लागत नसेल तर एका टोकाला दोन्ही प्लग अदलाबदल करून बघा. निम्म्या वेळा तेवढंच चुकलेलं असतं.

आता स्विच, म्हणजे आमच्या फजितीची जागा.

स्विचच्या प्रत्येक भोकाशेजारी एक बारीक दिवा असतो. वायर जिवंत असेल तर तो लागतो, माहिती जात-येत असेल तर लुकलुकतो. दिवा मुळीच नसेल तर वायर, प्लग किंवा पलीकडचं यंत्र यांतलं काहीतरी गेलंय. वायर दुसऱ्या भोकात लावून बघा, मग दुसरी वायर लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशाने झालं हे कधीच कळत नाही. काही स्विचांवर जलद चालणाऱ्या वायरीचा दिवा एका रंगाचा आणि सावकाश चालणारीचा दुसऱ्या रंगाचा असतो. या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. हजारच्या वेगाला चारही जोड्या लागतात, शंभरच्या वेगाला दोनच. त्यामुळे उंदराने निळी किंवा तपकिरी जोडी कुरतडली तर इंटरनेट बंद पडत नाही, दहापट सावकाश होतं, आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो. प्लगमध्ये तारांचा क्रम डावीकडून असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची जीभ खाली आणि सोनेरी पट्ट्या आपल्याकडे धरून डावी बाजू ठरवायची. दोन्ही टोकांना हाच क्रम. सगळी वायर १०० मीटरच्या आत.

तर त्या गणपतीत झालं होतं काय? आमच्यापैकी एकीने (कोण ते सांगणार नाही, आम्ही तसं ठरवलंय) केर काढताना टेबलाखाली एक वायर लोंबकळताना पाहिली. हलवलेल्या कॉम्प्युटरची ती वायर. तिचं एक टोक स्विचमध्ये होतंच. दुसरं टोक जमिनीवर पडलंय, शेजारी एक भोक रिकामं आहे, तर आवरून ठेवावं म्हणून तिने ते तिथे खोचलं. म्हणजे वायर स्विचमधून निघून त्याच स्विचमध्ये परत शिरली.

याने एवढं काय बिघडतं? नेटवर्कमध्ये यंत्रं अधूनमधून हाळी देतात, ‘अमक्या पत्त्याचं कुणी आहे का?’ स्विच ती हाळी आपल्या सगळ्या भोकांतून पुढे पाठवतो, आली ते भोक सोडून. वायर गोल असेल तर एका भोकातून गेलेली हाळी दुसऱ्या भोकातून परत येते, स्विचला वाटतं नवीच आहे, तो पुन्हा सगळीकडे पाठवतो. या हाळीवर ‘मी इतक्या वेळा फिरले’ असा काही हिशेब लिहिलेला नसतो, त्यामुळे ती थकत नाही. क्षणात लाखो हाळ्या होतात आणि खऱ्या कामाला वाटच उरत नाही. वायफायही त्याच स्विचला जोडलेलं, म्हणून तेही गुदमरतं. फोनवर चिन्ह पूर्ण आणि पान उघडत नाही ते यामुळे. उजेड मात्र नीट येत होता, पॉनचा दिवा हिरवा होता, म्हणून कंपनीचं ‘आमच्याकडून ठीक’ हे खरंच होतं. दुरुस्तीवाल्याने नव्या स्विचला फक्त दोन वायरी जोडून बघितलं, त्यामुळे त्यालाही चालू दिसलं. आमची गोल वायर आम्हीच आमच्या हाताने परत खोचली.

या दुखण्याची खूण एकच: स्विचचे सगळे दिवे एका तालात, वेड लागल्यासारखे लुकलुकतात. दोन दिवस ते आमच्यासमोर लुकलुकत होते आणि आम्ही म्हणत होतो, बघा, स्विच तर छान चालतोय! तिसऱ्या रात्री आरती झाल्यावर आम्ही कंटाळून एकेक वायर काढायला लागलो. पाचवी काढली आणि दिवे शांत झाले. ती वायर हातात धरून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, तर ते त्याच डब्यात. आम्ही तिघी जमिनीवर बसून किती वेळ नुसत्या हसत होतो. हसू आलं तरी सकाळी त्या मुलीच्या आईला तोंड दाखवायला लाज वाटली.

या गोलाचा बंदोबस्त एका बाईने करून ठेवलाय हे आम्हाला नंतर कळलं. रेडिया पर्लमन. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट नावाच्या कंपनीत असताना १९८५ साली तिने एक रीत शोधली. स्विच आपापसांत बोलून कुठे गोल झालाय ते ओळखतात आणि एक वाट आपणहून बंद ठेवतात, म्हणजे जाळ्याचं झाड होतं, फांद्या असलेलं पण गोल नसलेलं. दुसरी वाट तुटली तर बंद ठेवलेली उघडतात. रीत लिहून झाल्यावर तिने त्यावर एक कविताही केली. लोक तिला इंटरनेटची आई म्हणतात, तिला ते फारसं आवडत नाही. ही सोय महागड्या स्विचमध्ये असते. आमच्यासारख्या स्वस्त डब्यात बहुधा नसते. म्हणून आमच्याकडे पर्लमनबाईंच्या जागी चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव, आणि रिकाम्या भोकांत कागदाचे बोळे. स्विच घेताना दोनेकशे रुपये जास्त देऊन ‘लूप’ ओळखणारा मिळत असेल तर तो घ्या.

स्विच शांत झाला तरी गणपती संपेपर्यंत वायफायचं रडगाणं चालूच राहिलं, कारण हवा सगळ्यांची एकच. एका अॅक्सेस पॉइंटवर चाळीस फोन आले तर सगळे आळीपाळीने बोलतात, आणि लांब कोपऱ्यातला, रेंज कमी असलेला फोन सावकाश बोलून बाकीच्यांचा वेळ खातो. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४चा लांब जातो, भिंतीतून जातो, पण गर्दीचा. ५चा जलद, पण आमच्या चिऱ्याच्या जाड भिंतीपुढे हात टेकतो. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे डबा ठेवू नका. उंचावर, मोकळ्यावर, जिथे माणसं बसतात त्या खोलीत ठेवा. शोकेसमध्ये देवासारखा बसवू नका. २.४च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरायचे: १, ६ आणि ११. शेजारचा डबा ६वर असेल तर आपला १ किंवा ११वर ठेवायचा.

जाता जाता, हेडी लमार या नटीने वायफायचा शोध लावला असं मोबाईलवर फिरत असतं. तिने आणि एका संगीतकाराने १९४२ साली घेतलेलं पेटंट सारखी लहर बदलत राहण्याचं होतं, पाणतीरासाठी. ती कल्पना ब्लूटूथमध्ये दिसते. आजच्या वायफायची सगळी रीत तिची नाही. तिचं आहे तेवढंही थोडं नाही.

जुना राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा असेल तर एक खोड लक्षात ठेवा. राऊटरला पत्ते वाटायची सवय असते. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. दोघे वाटायला लागले की काही फोनना खरा पत्ता मिळतो, काहींना भलताच, आणि ‘तिच्या फोनवर चालतं, माझ्यावर नाही’ हा प्रकार सुरू होतो. तेव्हा जुन्या राऊटरच्या पानात जाऊन पत्ते वाटणं, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते बंद करायचं, त्याला स्वतःला वेगळा पत्ता द्यायचा, समजा १९२.१६८.१.२, आणि वायर त्याच्या वॅन लिहिलेल्या भोकात नाही, लॅन लिहिलेल्या भोकात लावायची. कॉम्प्युटरला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, त्याला कुणी पत्ता दिलाच नाही, त्याने स्वतःच एक मनाने घेतलाय. छतावर बसवायचे अॅक्सेस पॉइंट नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेतात. प्रमाणित पद्धतीत ती ४८ व्होल्टच्या आसपास असते, काही डब्यांची आपली वेगळी २४ व्होल्टची तऱ्हा असते. डबा आणि त्याचा वीज देणारा ठोकळा एकाच पद्धतीचे आहेत ना, हे दुकानातच विचारून घ्या.

इंटरनेट गेलं की आम्ही आता काय करतो? आधी विचारतो, एकीचंच गेलंय की सगळ्यांचं. मग डब्याचे दिवे. मग स्विचचे. मग वायरीने जोडलेल्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून ‘पिंग’ म्हणून आपल्याच राऊटरचा पत्ता लिहितो. तिथून उत्तर आलं नाही तर दोष घरात. आलं, तर ८.८.८.८ला हाक मारतो. तो बाहेरच्या जगातला, सहज लक्षात राहणारा पत्ता. तिथून उत्तर नाही तर दोष बहुधा राऊटरच्या पलीकडे. तिथूनही आलं, पण नाव लिहून पान उघडत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी वही, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे. डबा बंद करून चालू करायला हरकत नाही, अर्धा मिनिट थांबून. पण मागच्या बारीक छिद्रात पिन घालू नका. त्याने कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि माणूस येईपर्यंत डबा ठोकळा होऊन बसतो. आम्ही तेही एकदा केलंय.

मग फोन. ‘नेट चालत नाही’ असं न म्हणता सांगा: ‘एल-ओ-एस लाल आहे, सकाळी सातपासून, शेजारच्या दोन घरांतही तसंच आहे.’ किंवा ‘पॉन हिरवा आहे, उजेड उणे २१, राऊटर उत्तर देतो पण बाहेरून उत्तर नाही.’ तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तारीख-वेळेसकट वहीत लिहा. आमची वही स्विचच्या शेजारी खिळ्याला दोऱ्याने बांधलेली आहे, पेनसुद्धा बांधलेलं.

येत्या रविवारी दुपारी आम्ही केंद्रात प्लग दाबायची पक्कड घेऊन बसणार आहोत. घरी जुनी नेटवर्कची वायर असेल तर घेऊन या, आठ तारांचा क्रम हाताने लावून बघू.